भाऊ आणि इतर

९ जानेवारी

भाचीचा फोन आला. ताईला मार्चमध्ये पंचाहत्तर पूर्ण होतात, तर म्हणे घरातल्या जुन्या फोटोंचं एक छानसं पुस्तक छापायचं आणि त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना वाटायचं. माळ्यावरून खोकी निघाली आहेत. निम्म्या फोटोंतली माणसं कोण, ते कोणालाच सांगता येत नाही. "मामा, तुझ्याशिवाय हे काम कोणाला जमणार नाही. उभा जन्म छापखान्यात प्रूफं तपासलीस, तुझी नजर घारीची." लोणी लावण्याच्या बाबतीत ही पोरगी आईवर अजिबात गेलेली नाही.

"तुझ्या आईलाच विचार की," मी म्हटलं. "तिला सगळ्यांची सात पिढ्यांची माहिती असते."

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "आईचं जरा... तू येऊन बघच ना एकदा."

नाही म्हणणार होतो. तोंडावर आलंच होतं. तेवढ्यात तो आल्बम आठवला.

आमच्या घरचा आल्बम ताईने केलाय. जाड काळी पानं, आणि प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईत, तिच्या वळणदार अक्षरात, नावं. चुलत आत्याच्या दिराचं नाव आहे. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं आहे. एका पानावर माझ्या लग्नाचा फोटो आहे. आम्ही दोघं मधोमध उभे, भोवती बाकीचे, आणि खाली लिहिलंय: 'भाऊ आणि इतर'.

माझी बायको आमच्याच छापखान्यात टायपिस्ट होती. ताईने माझ्यासाठी दुसरी मुलगी हेरून ठेवली होती, मी ऐकलं नाही. तेव्हापासून बायको ताईच्या तोंडी 'तुझी टायपिस्ट' आणि आल्बममध्ये 'इतर'. ती मरेपर्यंत. तिला त्याचं हसू यायचं. "जाऊ दे हो, इतर म्हणजे बरेच जण असतात. एकटी तर नाही ना मी!" तिला जाऊन चार वर्षं झाली. तिला हसता यायचं, मला येत नाही.

भाचीला हो म्हटलं.

१२ जानेवारी

ताईच्या घरी गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. बैठकीच्या खोलीत मोठं टेबल रिकामं करून ठेवलं होतं, त्यावर खोकी. कागदांना कुबट वास. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. माझ्याकडे बघून गोड हसली. हे हसणं मला माहीत आहे. समोरच्याला आपण किती मोठ्या मनाचे आहोत ते दाखवायचं असलं की ती असं हसते.

कामाला लागलो. ग्रुप फोटो मी मजकुरासारखा वाचतो. फूटपट्टी रांगेखाली धरायची, डावीकडून उजवीकडे जायचं, एकेक डोकं, मग पुढची रांग. एकदम सगळा फोटो पाहिला की डोळा फसतो. नाक, केस, पोट, सगळं बदलतं, पण कान नाही बदलत. प्रत्येक अनोळखी माणसाचा कान ओळखीच्या माणसांच्या कानांशी ताडून बघायचा, मूळ प्रतीशी प्रूफ ताडतात तसा.

ताईला मधूनमधून फोटो दाखवत होतो. तिची स्मरणशक्ती म्हणजे कमाल आहे. एका झिजलेल्या फोटोतला टोपीवाला बघून लगेच म्हणाली, "हे आमचे गणिताचे मास्तर. डाव्या हाताने मारायचे." आणि स्वतःला तर ती कुठेही हुडकून काढते. बोट ठेवून, "ही मी. ही पण मीच. इथे दोन वेण्या घातल्यात बघ." प्रत्येक फोटोत आहे बाई. आमच्या घरात कॅमेरा आला की ताई त्याच्यासमोर हजर.

मग मुद्दाम माझ्या लग्नाचा फोटो पुढे सरकवला. बराच वेळ बघितला तिने. मग माझ्या बायकोवर बोट ठेवून म्हणाली, "ही कोण रे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साठ वर्षांपूर्वीचा मास्तर कोणत्या हाताने मारायचा ते आठवतं, आणि सख्ख्या भावाची बायको आठवत नाही!

"चेहरा गोड आहे हो," वर हे. मेल्यावरसुद्धा टोमणा.

उठून आलो. दारात भाची म्हणाली, "मामा, येत जा. तिला बरं वाटतं तू आलास की." वाटणारच. छळायला हक्काचं माणूस मिळालं की कोणालाही बरं वाटतं.

१३ जानेवारी

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बस, आज एवढंच लिहायचं होतं.

२० जानेवारी

खोकी घरी आणली आहेत. खरं सांगायचं तर मजा येतेय. रिटायर झाल्यापासून डोळ्यांना असं काम नव्हतं. सात फोटोंत जो मिशीवाला दिसतो आणि ज्याला सगळे वडिलांचा साहेब समजत होते, तो आजीचा धाकटा भाऊ निघाला. कानाची पाळी गालाला चिकटलेली, आजीची तशीच आहे. बागेच्या फोटोत मागे पाठमोरी बाई आहे ती आत्या, कमरेवर हात ठेवून उभं राहायची पद्धत तिचीच. एकेकाला नाव मिळालं की तो माणूस फोटोत जरा सरळ उभा राहिल्यासारखा वाटतो.

आणि याच कामात मला ते सुचलं. आज दुपारी, चहा उकळत ठेवला असताना.

नावं मी लिहिणार. प्रूफं मीच तपासणार. भाची म्हणालीच आहे, "मामा, तू बघितलंस म्हणजे मी उघडूनही बघणार नाही." छापखान्याचा मालक माझ्या हाताखाली शिकला, तो तर माझ्या अक्षरावर डोळे मिटून छापतो. मग असं का करू नये? पुस्तकात सगळ्यांची नावं येतील. मिशीवाला, पाठमोरी आत्या, गणिताचे मास्तर, तो कुत्रासुद्धा. फक्त एका बाईचं येणार नाही. ती जिथे जिथे असेल तिथे खाली छापायचं: 'अनोळखी'.

सगळ्या गोतावळ्यासमोर, तिच्या पंचाहत्तरीला, तिच्याच पुस्तकात. पान उलटेल तिथे अनोळखी मुलगी, अनोळखी स्त्री. बघू दे तिला, कसं वाटतं ते.

चहा उतू गेला. ओटा पुसताना मी चक्क शीळ वाजवत होतो.

२३ जानेवारी

बायको असती तर म्हणाली असती, "अहो, वय काय तुमचं!" नाही म्हणजे नक्कीच म्हणाली असती.

पण ती नाही. आणि ती नाही म्हणूनच करायचंय.

२ फेब्रुवारी

काही फोटो अडले होते म्हणून ताईकडे गेलो. दार उघडून ती म्हणाली, "या काका, बसा ना." आमचे काका ठार टकले होते. माझे केस गेले त्याला दहा वर्षं झाली, तरी बाईची थट्टा संपत नाही. मीही म्हटलं, "बसतो, पुतणीबाई!" तर ती हसली नाही. स्वतःचा विनोद दुसऱ्याने पुढे नेला की तिला कधीच आवडलं नाही.

मग विचारलं, "छापखाना काय म्हणतोय? आज सुट्टी का?" मला रिटायर होऊन पाच वर्षं झाली, हे तिला ठाऊक नाही होय? मालक व्हायचं सोडून जन्मभर नोकरीच केली, ही खपली काढायची होती. मी म्हटलं, "छापखाना उत्तम. लवकरच कळेल तुला."

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर पाहतच राहिलो. प्रत्येक डब्यावर, कपाटावर, फडताळावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. 'साखर'. 'चहा'. 'कपबश्या'. मागच्या दारावर 'हे दार उघडू नये'. गॅसपाशी 'आधी मला हाक मार'. आणि कपाटावर ठसठशीत अक्षरांत 'औशधे'! भाचीचं अक्षर, आणि भाचीचं शुद्धलेखन. मला राहवलं नाही. खिशातलं पेन काढून 'श'चा 'ष' केला.

पण परत येताना डोकं भणभणत होतं. ज्या बाईने माझ्या बायकोचं नाव कधी लिहिलं नाही, तिच्या घरात साखरेच्या डब्यालासुद्धा नाव आहे! शिस्त, टापटीप, सगळं जागच्या जागी, सगळ्याला चिठ्ठी. फक्त एक माणूस 'इतर'.

कोपऱ्यापर्यंत सोडायला भाची आली होती. "मामा, आईबद्दल जरा बोलायचं होतं. बाकी कोणाला सांगितलं नाहीये अजून..."

"तुझ्या आईबद्दल मला नवीन काही सांगू नकोस," मी म्हटलं. "तुझ्या आधीपासून ओळखतो मी तिला."

तिचा चेहरा पडला. पडू दे. आईची वकिली करायला निघाली होती.

११ फेब्रुवारी

फोटोंखालच्या ओळी लिहून झाल्या.

माझ्या लग्नाच्या फोटोखाली बायकोचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, सगळ्यात आधी. मग माझं. मग आलेल्या सगळ्यांची. आणि ताई, जी त्या फोटोत डाव्या टोकाला तोंड फुगवून उभी आहे, तिच्यासाठी शेवटचे दोन शब्द: 'आणि इतर'. एवढी एकच जागा, जिथे 'अनोळखी' नाही लिहिलं. काट्याने काटा काढायचा तर काटा तोच हवा.

ते वाक्य चार वेळा वाचलं. इतकं नेटकं वाक्य मी आयुष्यात तपासलं नाही, लिहिणं तर दूरच.

१९ फेब्रुवारी

प्रूफं आली. दिवसभर टेबलावर पडून होती. हात लावला नाही.

खोटं का लिहू, आज मन कच्चं झालं. आई गेली तेव्हा मी तान्हा होतो. ताईने शाळा सोडली. मला वाढवलं, माझं सगळं केलं, स्वतःचं लग्न उशिरा केलं. हे गावाला माहीत आहे आणि मलाही. माझ्या तोंडावर तिने ते कधी फेकलं नाही, हेही खरं. तिला वाटत असेल, एवढं केलं, तर निदान बायको तरी तिच्या पसंतीची करायला हवी होती. वाटूही शकतं.

पण मग दवाखाना आठवला. बायको शेवटचे दोन आठवडे तिथे होती. तिने स्वतःहून म्हटलं, "एकदा ताईंना बोलवा हो. आता काय राहिलंय भांडायला." मी राग गिळून निरोप धाडला. ताई आली नाही. नंतर भाची सांगायला आली, आई निघाली होती, पण रस्ता चुकली, कोणीतरी ओळखीच्याने घरी आणून सोडलं. रस्ता चुकली! जन्म काढला या गावात, त्या दवाखान्यात तिचं स्वतःचं बाळंतपण झालं, आणि ती तिथला रस्ता चुकते! मारायची तर जरा बरी थाप तरी मारावी. बायको दारावर डोळे लावून बसली होती. तिसऱ्या दिवशी गेली.

प्रूफं तपासली. चुका नव्हत्या. खाली सही केली आणि छापायला पाठवून दिली.

५ मार्च

पुस्तकं आली. कागद सुरेख, फोटो स्वच्छ उठलेत. मालक म्हणाला, "सर, एक विचारू? ही अनोळखी बाई जवळजवळ सगळ्या पानांवर आहे. कोणीच नाही का ओळखलं?"

"नाही," मी म्हटलं.

"कमाल आहे," तो म्हणाला.

भाचीने फोन करून आभार मानले. गठ्ठे बांधलेलेच ठेवलेत म्हणाली, त्या दिवशी आईच्या हातूनच पहिलं उघडायचं. ती फोनवर थकल्यासारखी वाटली. "मामा, तू लवकर येशील ना? सगळी माणसं एकदम आली की आई गोंधळते."

"मी सगळ्यांच्या आधी येतो," मी म्हटलं. हे नाटक पहिल्या रांगेतून बघायचं होतं.

१४ मार्च

उद्या. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. ताईचं तोंड कसं होईल ते डोळ्यांसमोर आणून बघतो, पण जमत नाही. तिचं तोंड पडलेलं मी कधी पाहिलंच नाही. चिडलेलं पाहिलंय.

१५ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

खोली भरली होती. भाड्याच्या खुर्च्या, लहान मुलांचा गोंधळ, चहाचे कागदी कप. ताई मधल्या खुर्चीत नवी साडी नेसून बसली होती. प्रत्येक जण जाऊन तिचा हात हातात घ्यायचा आणि ती प्रत्येकाला तेच गोड हसू द्यायची. अगदी तेच, जे मला दिलं होतं. कोणाचंही नाव घेतलं नाही. मला ते दिसलं, पण पुस्तकांकडे लक्ष होतं माझं.

भाचीने गठ्ठा सोडला. पहिलं पुस्तक आईच्या मांडीवर, मग बाकीच्यांना. मी भिंतीला टेकून उभा. पानं उलटायला लागली. "अरे हा बघ!" "ही आत्या का? पाठमोरी?" हशा. मग एकेक आवाज बारीक व्हायला लागला. आमचा आतेभाऊ, ज्याला सगळे दवंडी म्हणतात, तो मोठ्याने म्हणाला, "अहो, पण ही तर आपली..." आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. एकामागून एक माना वर झाल्या. सगळे आधी ताईकडे बघायचे, मग माझ्याकडे.

भाची माझ्याजवळ आली. पांढरीफटक. "मामा, हे काय केलंस? तुला माहीत असून?"

"काय माहीत असून?"

तिने हातातलं पुस्तक मिटलं. "तुला खरंच कळलं नाही? इतके दिवस येतोयस. त्या चिठ्ठ्या तिच्यासाठी लावल्यात, मामा. तिला आता आठवत नाही. पाच वर्षं होत आली. डॉक्टर म्हणाले, फोटो दाखवत जा, स्वतःला तरी धरून राहील. म्हणून तर हे पुस्तक."

पाच वर्षं. दवाखान्याला चार झाली. माझ्या मनात तो दवाखान्याचा रस्ताच आला.

तेवढ्यात ताईने हाक मारली. मला नाही, असंच, जो ऐकेल त्याला. "जरा इकडे या हो कोणी."

कोणी हललं नाही. मी गेलो. बाजूच्या स्टुलावर बसलो. पुस्तकात एका पानावर तिचं बोट होतं. परकराच्या वयाची दोन वेण्यांची मुलगी, कडेवर मूल. खाली माझी ओळ.

"तुम्ही छापखान्यातले ना?" ती म्हणाली. "मग तुम्हाला विचारते. ही मुलगी सगळीकडे आहे बघा. सगळ्यांना नावं आहेत, हिलाच नाही."

मी स्टूल जरा पुढे ओढलं.

"मला आधी वाटायचं, ही मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली, कोणाला कळू नये अशा बेताने. "अगदी जवळची कोणीतरी. पण इथे छापलंय ना, अनोळखी म्हणून. म्हणजे माझंच चुकत असेल. माझं हल्ली चुकतं."

दोनच महिन्यांपूर्वी 'ही मी, ही मी' म्हणत होती. तेवढं तिच्यापाशी उरलं होतं. तेही मी शाईने पुसलं.

"छापलेलंही चुकतं," मी म्हटलं.

"हो? मग कोण ही? आणि हे कडेवरचं बाळ?"

"बाळ म्हणजे मी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या टकलाकडे, कानाकडे. मग पुन्हा फोटोकडे. "तुम्ही? मग तुम्हाला तर माहीत असायला हवी. इतक्यांदा कडेवर घेतलंय तुम्हाला."

"माहीत आहे. माझी ताई."

"अगं बाई. मग नाव का नाही घातलंत?"

खोलीत सगळे ऐकत होते. दवंडीसुद्धा गप्प होता. माझ्याजवळ उत्तर होतं, तीस वर्षांचं, तोंडपाठ. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि ते ऐकायला जी हवी होती ती कुठेच नव्हती.

"भांडण होतं आमचं," मी म्हटलं.

"असं होय." तिला ते पटलेलं दिसलं. "कशी होती हो?"

"फार खडूस," मी म्हटलं. "माझ्या बायकोचं नाव कधी घेतलं नाही तिने."

"असेल, असेल. चेहऱ्यावरूनच वाटतं," ताई म्हणाली आणि खुदकन हसली. मग चष्मा सारखा करून पानावर वाकली, बोट त्या मुलीच्या हातावर ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"पण बाळ मात्र घट्ट धरलंय हो."